खेळण्यातली बग्गी, लाड मात्र खऱ्या गाडीचे!

आमच्या घरात दोन गाड्या आहेत. एक ह्यांची स्कूटर. ती बिचारी महिनोन्‌महिने फडक्याचं तोंड बघत नाही. दुसरी हातभर लांबीची, वजनाला जेमतेम दीड किलो. पण तिचे लाड विचारू नका! ही दुसरी म्हणजे आमच्या चिरंजीवांची रिमोटवर पळणारी बग्गी.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त जपानात असतो. गेल्या दिवाळीला आला तो भाच्यासाठी एक खोकं घेऊन. उघडून बघते तो आत गाडी नाहीच! नुसते सुटे भाग, स्क्रूंच्या पुड्या आणि एक पुस्तिका. मामा-भाच्यांनी चार दिवस फराळ सोडून ती जोडली. “ताई, हे बाजारातलं खेळणं नव्हे,” भाऊ म्हणाला, “खाचखळग्यांतून शर्यतीत पळणारी गाडी आहे. खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराची.”

ह्या बग्ग्यांचा इतिहासही मोठा गमतीचा आहे, बरं का. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने 1979 मध्ये ‘सँड स्कॉर्चर’ आणि ‘रफ रायडर’ काढल्या आणि मातीत पळणाऱ्या गाड्यांचं वेड पसरलं. 1984 मध्ये त्यांच्याच ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’ आल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टीम असोसिएटेडने ‘आरसी-10’ आणली. ती तर खास शर्यतीसाठीच घडवलेली. तेव्हाच्या मुलांचे आज आजोबा झाले, तरी त्या जुन्या गाड्या पुन्हा नव्याने निघतात आणि विकल्या जातात!

असो. भाऊ परत गेला. सहामाहीचा निकाल लागला आणि आठवीतले आमचे चिरंजीव गणितात आपटले. ह्यांचा सगळा राग बग्गीवर. “पुन्हा एक जरी तक्रार आली, तर विकून टाकीन!” झालं. मुलगा गप्प झाला, बग्गी खाटेखाली गेली.

एका रविवारी केर काढताना खाटेखालून तिची बॅटरी हाताला लागली. पुरीसारखी टम्म फुगलेली! शेजारी चार्जरची वायरही तयार. कोणाला दिसू नये म्हणून रात्री गादीआड चार्जिंगला लावायचा बेत होता. भावाला फोन केला, तर तो ओरडलाच, “ताई, आधी ती घराबाहेर ने! चार्ज करू नको, टोचू नको, दाबू नको. ही लिथियम बॅटरी आहे, पेट घेते!” अंगणात रिकामी कुंडी होती, तीत कोरडी वाळू घालून बॅटरी ठेवली. पोटात गोळा आला होता माझ्या.

संध्याकाळी मुलाला जवळ घेऊन विचारलं, “फुगलेली दिसली तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“बाबा विकतील म्हणून.”

त्या रात्री मला झोप नाही लागली. बॅटरी वाईट नव्हती हो. बिघाड सांगायची भीती वाईट होती. दुसऱ्या दिवशी ह्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, “ह्यापुढे बग्गीची देखभाल मी आणि तो मिळून करू.” हे म्हणाले, “तुला काय कळतंय त्यातलं?” म्हटलं, कुकरची शिटी, मिक्सरचं पातं, शिवणयंत्राचा ताण कोण बघतं ह्या घरात? हेही शिकेन!

आणि शिकले. भावाशी व्हिडिओवर बोलून, पुस्तिकेतली चित्रं बघून. तुमच्याही घरी असा नाद कोणाला लागला असेल, तर माझ्या अनुभवाचा उपयोग होईल म्हणून लिहिते.

आधी बॅटरी

आमची बॅटरी का फुगली? आमच्यासारख्या लिथियम बॅटरीत दोन घर असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक घर 4.2 व्होल्टचं, आणि वापरताना ते 3 व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचं नसतं. गाडीतला वेग-नियंत्रक वेळेवर मोटर बंद करतो, पण त्याला ‘लिथियम’ असं नेमून द्यावं लागतं. आमचा दुसऱ्याच बॅटरीसाठी नेमलेला होता. मुलगा गाडी रांगेपर्यंत पळवत राहिला आणि बॅटरी पार पिळून निघाली.

नवशिक्याने निकेल-मेटल-हायड्राइडची 7.2 व्होल्टची बॅटरी घ्यावी. ती जड असते, पण चुका पोटात घालते. आम्ही आता तीच वापरतो. लिथियमच हवी असेल, तर तिच्याचसाठी असलेला, दोन्ही घरं सारखी भरणारा चार्जर हवा. बॅटरीवर 4000 मिलिअँपिअर-तास लिहिलेलं असेल, तर चार्जर 4 अँपिअरवर लावावा. चार्जिंग फरशीवर, पडदे-गाद्यांपासून लांब आणि मोठ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. रात्री झोपेत कधीच नाही! आठवडाभर वापरणार नसाल, तर पूर्ण भरून ठेवू नका. दर घरी 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा. खराब बॅटरी घंटागाडीत टाकू नये. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

स्क्रू आणि दातेरी चक्रं

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवावा. टक् करून जुन्या आट्यात बसला की मग सुलटा. बरणीचं झाकण आपण असंच लावतो ना? जोर करू नये, आटे झिजतात. धातूत धातूचा स्क्रू असेल, तर हादऱ्याने सैल होऊ नये म्हणून निळ्या लॉकचा एकच थेंब लावावा. प्लॅस्टिकला मात्र तो लागू देऊ नये, प्लॅस्टिक तडकतं.

मोटरचं लहान चक्र आणि त्याला लागून असलेलं मोठं चक्र ह्यांच्यात किती फट ठेवायची? वहीच्या कागदाची पट्टी दोघांत घालावी, मोटर चक्राला दाबून धरावी, स्क्रू आवळावे आणि चक्र फिरवून कागद काढावा. कागदावर चुण्या पडाव्यात, तो फाटू नये. चक्र किंचित हललं पाहिजे. फार घट्ट बसलं तर गाडी किंचाळते आणि मोटर तापते. फार सैल राहिलं तर दातच झडतात!

माझी फजिती

बग्गीच्या चारही चाकांना तेलाचे शॉक-अब्सॉर्बर असतात. एकातलं तेल गळलं, म्हणून मी मोठ्या ऐटीत शिवणयंत्राचं तेल भरलं. थोड्या दिवसांत आतली रबरी कडी फुगली आणि दांडा हलेना. तिथे सिलिकॉनचंच तेल लागतं. बाकीची तेलं रबर खातात. चिरंजीव मात्र खूष! “आई, तुझंपण चुकतं?” म्हटलं, “चुकतं की! बाबांना सांगून टाकू.” आणि सांगितलंही.

तेल भरून दांडा सावकाश वर-खाली करावा. बुडबुडे वर येतात, ते जाईपर्यंत थांबावं. घाई केली की उकडलेल्या साबुदाण्यासारखे आतच राहतात. डाव्या-उजव्या जोडीत एकाच नंबरचं तेल हवं. उन्हाळ्यात तेल पातळ होतं, तेव्हा जरा दाट नंबर बरा.

ओट्यावरची मापं

गाडीची बैठक सपाट ओट्यावर बघावी, बॅटरी आत घालून. वीतभर उंचीवरून सोडावी आणि बसू द्यावी. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्या ओट्याशी समांतर दिसल्या की सुरुवातीला तेवढं पुरे. मागचा भाग कमी-जास्त वाटला, तर स्प्रिंगवरची कडी फिरवावी, पण दोन्ही बाजूंना सारखी.

मग कंपासपेटीतला गुण्या चाकाला लावावा. चाकाचा वरचा भाग एक-दोन अंशच आत झुकलेला असावा. म्हणजे वळणावर टायर नीट टेकतो. शेवटी मोकळ्या जागी सावकाश चालवून रिमोटवरच्या लहान बटणाने ती सरळ रेषेत आणावी.

आणि हे फार महत्त्वाचं: एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. आमटी बिघडली म्हणून मीठ, चिंच, गूळ एकदम घातलं, तर काय चुकलं ते कसं कळणार?

घरी आल्यावर पंधरा मिनिटं

चालवताना आधी रिमोट सुरू करायचा, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. उलट केलं तर गाडी कोणाच्या ताब्यात नसताना सुसाट सुटू शकते.

घरी आलं की बॅटरी बाहेर काढावी आणि मोटर निवू द्यावी. जुन्या दातघासणीने लाल माती झाडावी. पाणी ओतू नये, बेअरिंगना गंज चढतो. धुऱ्यांना गुंडाळलेले केस नि दोरे चिमट्याने काढावेत. मग प्रत्येक चाक कानाजवळ धरून फिरवावं. खरखर आली की बेअरिंग गेलंच समजा. वरची रंगीत टोपी साबणाच्या पाण्याने पुसावी, थिनर लावू नये. पावसाळ्यात चिखलातली हौस नकोच.

ही पंधरा मिनिटं आम्ही गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसतो. आधी मीच विचारत असे, “आज काय बिघडलं?” आता तो आपणहून सांगतो, “आई, पुढच्या डाव्या चाकाला खरखर आहे.”

गेल्या महिन्यात त्याच वर्तमानपत्रावर स्क्रूंच्या डबीशेजारी त्याने एक कागद ठेवला. गणिताची चाचणी, 20 पैकी 7.

“बाबांना अजून दाखवला नाही,” तो म्हणाला. “आधी कुठे चुकलं ते बघू या?”

आम्ही बग्गी बाजूला सरकवली आणि पहिल्या गणितापासून बघायला लागलो.