पोहताना टोपी घालावी का?

उन्हाळ्यात पोहण्याची बॅच सुरू झाली की बोईसर-पालघरच्या वस्त्यांतल्या आया आम्हाला विचारतात, "ताई, टोपी घ्यायलाच हवी का? केस तर तरीही भिजतात!" केस खराब होतात म्हणून मुलीचे पोहणेच बंद केलेली घरे आम्ही पाहिली आहेत. मुलाचे मात्र चालू राहते.

केस भिजतात हे खरे. टोपी केस कोरडे ठेवायला नसतेच. कानात जाणारे पाणीही ती अडवत नाही. कान वाहत असेल तर टोपीच्या भरवशावर पाण्यात उतरू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे.

मग उपयोग काय? तलावातले जंतू मारायला क्लोरीन घालतात. घाम, लघवी, केसांचे तेल पाण्यात मिसळले की क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होते आणि जंतूंसाठी कमी उरते. घाम आणि लघवीशी मिळून त्याची क्लोरामाइन नावाची द्रव्ये बनतात. डोळे चुरचुरतात आणि तलावाला उग्र वास येतो तो त्यांच्यामुळे. टोपी घातली की तेल कमी मिसळते, गळलेले केस जाळीत अडकत नाहीत. म्हणजे निम्मा फायदा शेजारी पोहणाऱ्याचा! आपला फायदा असा की केस डोळ्यांवर, तोंडात येत नाहीत आणि गुंता कमी होतो. लांब केसांच्या मुलीला टोपी घ्यावीच. बारीक केसांच्या मुलाला, तलावाचा नियम नसेल तर, नसली तरी चालेल.

केस वाचवायचे तर टोपीआधी ते साध्या पाण्याने पूर्ण भिजवा. आधीच भिजलेला केस तलावाचे पाणी कमी शोषतो. त्या दिवशी तेल लावू नका (आज्या रागावतात, रागावू द्या). वेणीचा अंबाडा मानेजवळ बांधा, टोपी कपाळाकडून मागे ओढा. बाहेर आल्यावर लगेच केस धुवा.

कापडी टोपी सर्वांत स्वस्त आणि घालायला सोपी, पण तिच्यातून पाणी आत येते. सिलिकॉनची महाग, पण टिकते. लॅटेक्सची केस ओढते. दवाखान्यातल्या रबरी हातमोज्यांनी आमच्यापैकी काही नर्सच्या हातांना पुरळ येई. ज्यांना फुग्याने किंवा रबराने खाज सुटते त्यांनी ही टोपी घेऊ नये.

दाट किंवा कुरळ्या केसांना साधी टोपी बसत नाही, यात मुलीचा दोष नाही. आफ्रिकी वंशाच्या जलतरणपटूंसाठी 'सोल कॅप' नावाची मोठी टोपी निघाली, तेव्हा जागतिक जलतरण संघटनेने 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकआधी ती नाकारली. टीका झाली आणि 2022 मध्ये तीच टोपी मंजूर केली. आपल्याकडेही 'लांब केसांची' म्हणून मोठी टोपी मिळते, तीच मागा.

दोन बहिणींत एक टोपी मात्र नको. क्लोरीनच्या पाण्याने उवा मरत नाहीत, त्या केसाला घट्ट धरून राहतात. टोपी, टॉवेल, कंगवा ज्याचा त्याचा. टोपी धुऊन सावलीत वाळवावी.

केळवे, चिंचणीच्या समुद्रावर गोष्ट वेगळी. भडक केशरी किंवा पिवळी टोपी असेल तर पाण्यातले डोके काठावरून लवकर दिसते. पण ती बुडण्यापासून वाचवत नाही, घाणीपासूनही नाही. तारापूर एमआयडीसीचे सांडपाणी पाइपातून नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. त्या बाजूला मुलांना पोहू देऊ नका, डोक्यावर टोपी असो वा नसो.