खाण्यात चोखंदळ झालेले लॅब्रेडोर पिल्लू

गाय, म्हैस, शेळी व कोंबडी यांच्या आहाराविषयी शेतकरी जितका जागरूक असतो, तितका तो कुत्र्याच्या आहाराविषयी नसतो. कुत्र्यास उरलीसुरली भाकरी टाकली की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गावठी कुत्र्याचे त्यावर निभावतेही. कारण दिवसभर हिंडून आपला राहिलेला शिधा ते स्वतःच मिळविते. परंतु अलीकडे गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील कित्येक कुटुंबांत लॅब्रेडोर जातीचे पिल्लू पाळले जाते आणि पुढे जागेअभावी ते कोकणातील किंवा घाटावरील गावच्या घरी धाडले जाते. अशा पिल्लाबरोबर बहुधा एक तक्रारही गावी येते : ‘हे काही खातच नाही.’ ग्रामसेवकास या तक्रारीची उकल करता यावी, म्हणून ती जेथे उत्पन्न होते तेथूनच तिचा विचार केलेला बरा.

लॅब्रेडोर ही मुळात न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांची कुत्री. थंड पाण्यातून मासे व जाळ्यांचे दोर ओढून आणण्याच्या कामी त्यांचा उपयोग होई. ब्रिटनमध्ये १९०३ साली या जातीस अधिकृत मान्यता मिळाली. मुंबईकरांस ती विशेष परिचित झाली ती पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील ‘जंजीर’ या कुत्र्यामुळे. १९९३ सालच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्याने शहरातील स्फोटकांचे मोठे साठे हुडकून दिले. २००० साली त्याचा मृत्यू झाला तेव्हा त्यास मानवंदना देण्यात आली. स्वभावाने ही जात सालस व शिकविण्यास सोपी आहे. राखणीसाठी मात्र ती फारशी उपयोगी नाही. चोराचे स्वागतही ती शेपूट हलवूनच करील.

या जातीची भूक प्रसिद्ध आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली असे दाखवून दिले की, सुमारे एकचतुर्थांश लॅब्रेडोर कुत्र्यांत भुकेचे नियमन करणाऱ्या एका जनुकाचा काही भाग गळालेला असतो व त्यामुळे त्यांची खाण्याची हाव वाढते. तेव्हा दुसऱ्या एखाद्या जातीचे पिल्लू अन्नास तोंड लावीत नसेल तर ते त्याच्या स्वभावावर घालता येईल. लॅब्रेडोरच्या बाबतीत तसे करण्यापूर्वी दोनदा विचार केला पाहिजे. खात नाही म्हणजे ते आजारी तरी आहे, किंवा त्याने अगोदरच खाल्ले आहे.

आजाराची शंका प्रथम दूर करावी. पिल्लू मलूल असेल, त्यास उलट्या होत असतील, पातळ व दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित शौचास होत असेल, तर तो पार्व्हो रोग असू शकतो आणि त्यात एका दिवसाचा विलंबही जिवावर बेततो. हिरड्या फिकट दिसत असतील व अंगावर गोचिडी असतील, तर गोचीडतापाचा संशय घ्यावा. पोट फुगलेले, केस निस्तेज व वाढ खुंटलेली असेल, तर जंतांचा उपद्रव संभवतो; जंतांचे औषध तीन महिन्यांच्या वयापर्यंत दर पंधरवड्यास व त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा देण्याची पद्धत आहे. लॅब्रेडोर पिल्ले मोजे, चिंध्या, आंब्याच्या कोयी अशा वस्तू गिळतात हेही विसरू नये. मुंबईतील रहिवाशांची या बाबतीत उत्तम सोय आहे. परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय असून १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही तेथेच आहे. खेड्यातील पशुपालकाने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पिल्लू नेऊन दाखवावे. तीन महिन्यांच्या आतील पिल्लाने अर्धा दिवस व त्याहून मोठ्या पिल्लाने एक पूर्ण दिवस अन्न घेतले नाही, तर ‘उद्या खाईल’ असे म्हणून वाट पाहू नये. ‘चोखंदळ आहे’ या एका शब्दापायी उपचारास उशीर होऊन पिल्लू दगावण्याचा धोका असतो.

पिल्लू खेळते आहे, डोळे स्वच्छ आहेत, शौच बांधून होते आहे आणि तरीही वाडग्यातील अन्न तसेच पडून राहते, असे असेल तर हिशेबाची वही उघडावी. लालबागमधील चाळीचेच उदाहरण घेऊ. (तेथील अनेक चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, पण शेजारधर्म इमारतीबरोबर पाडला जात नाही.) चार-साडेचार महिन्यांचे, पंधरा किलो वजनाचे पिल्लू आहे. त्यास दिवसाकाठी सुमारे १,०५० उष्मांकांची गरज असते. सकाळी चहाच्या वेळी घरातील वडीलधारी मंडळी त्यास ग्लुकोज बिस्किटे देतात. दिवसभरात ती पन्नास ग्रॅम झाली तर सव्वादोनशे उष्मांक होतात. दुपारी आजीबाई पाव लिटर म्हशीचे दूध पाजतात, ते अडीचशे. सायंकाळी पिल्लू सामाईक गॅलरीतून फेरी मारते आणि दोन दारांतून तेल लावलेली एकेक पोळी मिळविते, ते सव्वादोनशे. बेरीज सातशे होते. म्हणजे दिवसाच्या गरजेचा दोनतृतीयांश भाग वाडग्याबाहेरच भागला. रात्री मालक वाडग्यात पिल्लाचे खाद्य घालतो आणि पिल्लू त्यातील थोडे खाऊन दूर होते. ते मुळीच हट्टी नाही, त्याचा हिशेब अगदी चोख आहे. हिशेब चुकला आहे तो घरच्यांचा, कारण जो तो फक्त आपल्या हातचा घास मोजतो व तो घास त्यास लहानच वाटतो.

पुढील प्रकार याहून हानिकारक असतो. वाडगा तसाच राहिलेला पाहून गृहिणी त्यावर कोंबडीचा रस्सा ओतते. पिल्लू खाते. दुसऱ्या दिवशी रस्सा नसेल तर ते बसून राहते व वर पाहते. मग अंडे, मग कलेजी, मग खिमा. आठवड्याभरात पिल्लाने घरास वळण लावलेले असते. खाद्य दर दोन दिवसांनी बदलल्याने पोट बिघडते, पोट बिघडले की भूक मंदावते आणि भूक मंदावली की पुन्हा नवे खाद्य शोधले जाते.

नुकसान होते ते हाडांचे. लॅब्रेडोर पिल्लू जन्मानंतरच्या वर्षभरात पंचवीस-तीस किलोपर्यंत वाढते. एवढा सांगाडा एवढ्या अल्प काळात उभा राहावयाचा म्हणजे कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण जुळलेच पाहिजे. कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा थोडे अधिक असावे लागते. नुसत्या मांसात मात्र फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा ते वीस पट असतो. केवळ कोंबडी व भात यांवर वाढविलेल्या पिल्लाच्या रक्तातील कॅल्शियम कमी पडू लागते आणि ती तूट शरीर हाडांतून भरून काढते. हाडे ठिसूळ होतात, पाय वाकतात, किरकोळ उडीनेही अस्थिभंग होतो. हे ऐकून घाबरलेला मालक औषधाच्या दुकानातून कॅल्शियमचे औषध आणतो व तयार खाद्याबरोबर रोज पाजतो. ही चूक उलट दिशेची, परंतु तितकीच घातक आहे. सहा महिन्यांच्या आतील पिल्लाच्या आतड्यास जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. जेवढे दिले त्याचा मोठा भाग शोषला जातो आणि हाडांची व सांध्यांची वाढ विकृत होते. गुरांसाठी मिळणारे क्षारमिश्रण घरात आहे म्हणून तेच चिमूटभर घालण्याचा मोह शेतकऱ्यांनी आवरावा. ते रवंथ करणाऱ्या जनावरांच्या गरजेनुसार बनविलेले असते.

आता खाद्याची निवड. ज्यास वेळ व अनुभव कमी आहे त्याने मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी असलेले तयार पूर्ण खाद्य निवडावे, हे सर्वांत निर्धोक. पिशवीवरील चित्रापेक्षा मागील बारीक अक्षरे वाचावीत. ते ‘पूर्ण आहार’ असून वाढत्या पिल्लांसाठी आहे असा स्पष्ट उल्लेख हवा. प्रथिने २२ ते २५ टक्क्यांहून कमी नसावीत आणि कॅल्शियम १.२ ते १.८ टक्क्यांच्या दरम्यान असावे. शंभर ग्रॅम कोरड्या खाद्यात साधारणपणे साडेतीनशे ते चारशे उष्मांक असतात. म्हणजे वरील उदाहरणातील पिल्लास दिवसाला पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम पुरतात. हे वजन तराजूवर करावे, मुठीने मोजू नये.

घरीच शिजवून घालावयाचे असेल तर तेही अशक्य नाही. कोंबडीचे बिनहाडाचे मांस, अंडी, भात किंवा नाचणीची भाकरी, दुधी, लाल भोपळा व गाजर हे सर्व कुत्र्यास पचते. कुत्रा हा लांडग्याचा वंशज म्हणून त्यास धान्य वर्ज्य, असे सांगणारे हल्ली पुष्कळ भेटतात. परंतु माणसाच्या सहवासात कुत्र्यामध्ये पिष्टमय पदार्थ पचविण्याची शक्ती वाढली आहे, हे २०१३ साली जनुकांच्या अभ्यासातून सिद्ध झाले. धान्य नीट शिजलेले मात्र असावे. या घरगुती आहारात पिल्लांसाठी तयार केलेले क्षार व जीवनसत्त्वांचे मिश्रण पशुवैद्याने ठरवून दिलेल्या प्रमाणात घालणे अनिवार्य आहे. गिरगावातील एखाद्या शाकाहारी कुटुंबास मांस शिजविणे मान्य नसेल, तर वरणभात व दूध यांवर पिल्लू वाढविण्याचा प्रयत्न करू नये. त्यांनी पशुवैद्याच्या सल्ल्याने तयार खाद्याचाच आश्रय घ्यावा.

एकदा निवड झाली की तीवर ठाम राहावे. नवे खाद्य आठ-दहा दिवसांत क्रमाक्रमाने आणावे : प्रथम चौथाई नवे व उरलेले जुने, मग निम्मे, मग पाऊण, शेवटी संपूर्ण. सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन वेळा व पुढे दोन वेळा, ठरलेल्या वेळी व ठरलेल्या जागी वाडगा ठेवावा. कोरड्या खाद्यावर कोमट पाणी शिंपडले म्हणजे वास सुटतो आणि पिल्लू नाकानेच अर्धे जेवते. पंधरा-वीस मिनिटांनी वाडगा उचलावा, मग तो रिकामा असो वा भरलेला. पुढील वेळेपर्यंत पाण्याखेरीज काही देऊ नये. विनवण्या करू नयेत, हाताने भरवू नये. निरोगी पिल्लू बहुधा दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येते. खरी कसोटी घरातील माणसांची असते. शेजाऱ्यांच्या दारी जाऊन ‘कृपया काही देऊ नका’ असे सांगणे चाळीत सोपे नाही. त्यावर एक तोड अशी की, रोजच्या ठरलेल्या खाद्यातीलच मूठभर दाणे डबीत काढून शेजाऱ्यांकडे द्यावेत. देणाऱ्याचे मन राखले जाते व हिशेबही बिघडत नाही. इतर खाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या भागापलीकडे जाऊ देऊ नये.

काही वेळा अन्न कमी खाणे स्वाभाविक असते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के दात येतात. तेव्हा हिरड्या दुखतात, म्हणून खाद्य भिजवून मऊ करावे. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईच्या दमट उकाड्यात भूक उतरते. अशा दिवसांत पहाटे व रात्री उशिरा खाऊ घालावे. लसीनंतर एखादा दिवस पिल्लू मंद राहते. गणेशोत्सवात लालबाग-परळ भागात ढोल-ताशे व फटाके यांच्या आवाजाने ते कोपऱ्यात दडून बसते. त्या दिवसांत वाडगा आतल्या शांत जागी ठेवावा आणि नवे खाद्य सुरू करू नये. प्रसादाच्या थाळीपासूनही ते दूर असावे, कारण बेदाणे व मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांस अपाय करतात. चॉकलेट, कांदा, लसूण व साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थही विषारी ठरतात. खारविलेली सुकी मासळी, मसाल्याचा रस्सा व शिजविलेली हाडे वर्ज्य समजावीत. शिजविलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होऊन आतड्यास छिद्र पडू शकते.

पिल्लू गुटगुटीत दिसले म्हणजे ते सुदृढ आहे, हा भ्रम शहरात व खेड्यात सारखाच आढळतो. अमेरिकेत ४८ लॅब्रेडोर कुत्र्यांवर पिल्लूपणापासून अखेरपर्यंत एक प्रयोग करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. जोडीतील एका कुत्र्यास दुसऱ्यापेक्षा चौथाईने कमी खाद्य दिले जाई. कमी खाणारे गटाच्या मध्यमानाने १३ वर्षे जगले, तर अधिक खाणारे ११.२ वर्षे, शिवाय पहिल्या गटात सांध्यांचे विकार उशिरा सुरू झाले. बरगड्या नजरेस ठळक दिसू नयेत, पण हाताने चाचपताच लागाव्यात. वरून पाहता कंबर आत गेलेली दिसावी. अशा पिल्लाने वाडग्यात चार दाणे ठेवले तर ते चोखंदळ नव्हे, तृप्त आहे.

पिल्लू गावी न्यावयाचे झाल्यास निदान पंधरा दिवस पुरेल इतके चालू खाद्य बरोबर द्यावे. गावी पोहोचताच भाकरी-दुधावर आणू नये. प्रवासाच्या आधी तीन-चार तास पोट रिकामे ठेवावे, पाणी मात्र मधूनमधून पाजावे. पहिले दोन दिवस ते कमी खाईल. गावातील ग्रामसेवकाने अशा घरी गेल्यावर पिल्लाचे वजन करून घ्यावे : माणसाने पिल्लास उचलून काट्यावर उभे राहावे व मग स्वतःचे वजन वजा करावे. दर आठवड्यास हा आकडा भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावा. सहा महिन्यांच्या आतील पिल्लाचे वजन लागोपाठ दोन आठवडे वाढले नाही, तर दिनदर्शिकेसह त्यास दवाखान्यात न्यावे आणि त्या दिवसांत घरातील कोणी काय भरविले, तेही डॉक्टरांस न लपविता सांगावे.