बिडाची भेग

गार इंजिन सुरू केलं की टकटक, आणि गाडी तापली की आवाज गायब. असोद्यातल्या एका शेतकऱ्याच्या जुन्या पेट्रोल जीपला, महिंद्राच्या सीजे-थ्रीबीला, हेच दुखणं होतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भेग गेली की असं होतं: तापल्यावर बीड फुगतं, भेग मिटते. त्यामुळे आवाज टॅपेटचा वाटतो आणि कित्येकदा ते सेट करण्यातच दिवस जातो. या इंजिनात एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतात, म्हणून मॅनिफोल्डही ब्लॉकच्या कुशीला बसतो. तापलेली गाडी पावसाळ्यात नाल्यातून काढली की गार पाणी थेट त्याच्यावर उडतं.

मिस्त्रींनी मॅनिफोल्ड उतरवला, काजळी घासून काढली. वरून रॉकेल फिरवलं, कोरडं पुसलं आणि पांढरा खडू घासला. थोड्या वेळाने खडूवर केसासारखी ओली रेघ उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. डोळ्यांना दिसत होती त्याहून भेग बरीच लांब निघाली. रेघेच्या दोन्ही टोकांना ड्रिलने बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग ग्राइंडरने तिची व्ही आकाराची खाच केली.

बिडात कार्बन साधारण तीन टक्के. वेल्डिंगनंतर ते झटकन निवलं, तर टाक्याच्या कडेचं बीड काचेसारखं ठिसूळ होतं आणि तिथेच नव्याने तडकतं. म्हणून आधी अख्खा मॅनिफोल्ड ज्योतीवर तापवला, मग निकेलच्या रॉडने इंच-इंचाचे टाके घातले. प्रत्येक टाका गरम असतानाच त्यावर बॉलपेन हातोडीचे हलके ठोके. निवताना टाका आकसतो, ठोक्यांनी तो ताणला जातो. माझ्या मते सगळं कसब या ठोक्यांतच आहे. नुसता रॉड चालवणारे पुष्कळ भेटतात.

"संध्याकाळी नेऊ का?" मालकाने विचारलं.

"भो, याले घाई चालत नही."

असोद्याचं भरीत साऱ्या खान्देशात नावाजलेलं. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली की राख उरते; तीच कोरडी राख डब्यात भरून मॅनिफोल्ड तिच्यात रात्रभर पुरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून पाहिलं, तर एका टोकाला बैठक किंचित उठलेली. ती घासून सपाट केली. तशीच आवळली असती तर पहिल्याच चढावर पॅकिंग जळालं असतं, नाहीतर कान तुटला असता. नवं पॅकिंग टाकून नट मधल्यापासून कडेकडे, थोडेथोडे आवळले. जीप सुरू झाली, टकटक नव्हती. तरी मिस्त्रींनी ती लगेच सोडली नाही. इंजिन पुरतं तापवलं, निवू दिलं आणि सगळे नट पुन्हा एकदा आवळले.