प्रोबेशनच्या खोलीतला संगणक

न्यायालयाने सुधारगृहात न धाडता ‘वर्तन सुधार’ एवढ्याच अटीवर घरी सोडलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे पुढे नेमके काय होते, हे फारसे कोणी विचारत नाही. कागदोपत्री उत्तर सोपे आहे. त्याने ठरल्या दिवशी परिवीक्षा अधिकाऱ्याकडे, म्हणजेच प्रोबेशन ऑफिसरकडे हजेरी लावायची, शाळा बुडवायची नाही, रात्री वेळेत घरी परतायचे आणि अमली पदार्थांपासून दूर राहायचे. प्रत्यक्षात ही भेट बऱ्याचदा काही मिनिटांत आटोपते. अधिकाऱ्यापुढे फायलींचा ढीग असतो आणि मुलाजवळ ‘हो’ आणि ‘ठीक आहे’ या दोनच उत्तरांची शिदोरी असते. अमेरिकेत या दोघांच्या मध्ये संगणक आणून बसवण्याचे काही प्रयोग झाले. ते कशासाठी झाले आणि त्यांतून काय हाती लागले, हे समजून घेण्याजोगे आहे.

यातला थेट अल्पवयीन गुन्हेगारांसाठी तयार झालेला एक कार्यक्रम म्हणजे ‘राइज अबव्ह युवर सिच्युएशन’. ऱ्होड आयलंड राज्यातील ‘प्रो-चेंज बिहेवियर सिस्टिम्स’ या संस्थेने तो विकसित केला आणि २०१२ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचा पाया मात्र गुन्हेगारीच्या अभ्यासातला नाही, तो धूम्रपानाच्या अभ्यासातला आहे. जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांचे निरीक्षण मांडले. माणूस एका झटक्यात बदलत नाही, तो टप्प्याटप्प्याने बदलतो, हे त्याचे सार होते. पुढे या सिद्धान्तात पाच टप्पे स्थिरावले. पहिल्या टप्प्यात बदलाचा विचारच मनात नसतो. दुसऱ्यात विचार येतो, पण पाऊल उचलत नाही. त्यानंतर तयारी, कृती आणि टिकवून धरणे. येत्या सहा महिन्यांत सवय सोडण्याचा विचार असेल तर दुसरा टप्पा, येत्या महिन्याभरात सोडण्याचा इरादा असेल तर तिसरा, इतकी ही मोजपट्टी काटेकोर आहे.

प्रोबेशनवरच्या मुलांना हा सिद्धान्त लावला की एक अडचण चटकन ध्यानात येते. बहुतेक समुपदेशन गृहीत धरते की समोरच्याला बदलायचेच आहे. पण न्यायालयाच्या हुकमाने आलेला मुलगा मुळात स्वतःहून आलेला नसतो. ‘माझे काही चुकलेच नाही, पकडला गेलो एवढेच’ असे मानणाऱ्या मुलाला मोहाच्या प्रसंगी नकार कसा द्यावा हे शिकवणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जुंपणे होय. त्याला आधी वेगळ्या प्रश्नांची गरज असते.

समजा, असा एक मुलगा संगणकासमोर बसला आहे. प्रश्न पडद्यावर दिसतातच, शिवाय हेडफोनवर वाचूनही दाखवले जातात, कारण शाळेशी फारकत झालेल्या मुलांना वाचन जड जाते. गांजा ओढण्याचे तोटे तुला कोणते वाटतात? फायदे कोणते? मित्रांनी आग्रह केला तर नाही म्हणता येईल याची तुला किती खात्री आहे? दिलेल्या उत्तरांवरून त्याचा टप्पा ठरतो आणि त्या टप्प्यासाठी लिहून ठेवलेला मजकूर पुढे येतो. पहिल्या टप्प्यावरच्या मुलाला ‘आजच सोड’ असे कोणी सांगत नाही, बदलाच्या फायद्यांची त्याची यादी थोडी लांबावी एवढाच प्रयत्न असतो. पुढच्या बैठकीत नव्या उत्तरांची तुलना त्याच्याच जुन्या उत्तरांशी होते. यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा चमत्कार काही नाही. ‘असे उत्तर आले तर असा मजकूर’ या पद्धतीचे, आधी ठरवलेले नियम आहेत.

मग हे काम माणसाने का करू नये? माणसे ते करत आलीच आहेत. बोस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाच्या चर्मकाराने १८४१ मध्ये एका मद्यपीला स्वतःच्या हमीवर न्यायालयातून सोडवून आणले, तेथूनच प्रोबेशनची कहाणी सुरू होते. पण सदिच्छा आणि परिणाम यांची जोडी नेहमी जमतेच असे नाही. मॅसॅच्युसेट्समध्येच १९३९ मध्ये ५०६ मुलांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना वर्षानुवर्षे मार्गदर्शन, शिकवणी, उन्हाळी शिबिरे मिळाली आणि निम्म्यांना काहीच नाही. जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने तीस वर्षांनंतर दोन्ही गटांचा शोध घेतला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष धक्कादायक होता. मदत मिळालेल्यांची स्थिती काही बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. पुढील संशोधनात याचे एक संभाव्य कारण पुढे आले. वाट चुकलेल्या मुलांना एकत्र बसवले की ती एकमेकांच्या आगाऊपणाला दाद देतात आणि सुधारणेच्या वर्गातच उलट शिक्षण घेतात.

भीती घालण्याचा मार्गही फसला. न्यू जर्सीतील रॉवे तुरुंगात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावण्याचा कार्यक्रम १९७८ च्या माहितीपटामुळे गाजला, त्या माहितीपटाला ऑस्करही मिळाले. अशा उपक्रमांच्या काटेकोर चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसले की त्यांमुळे गुन्हे कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक. आपल्याकडेही ‘एकदा तुरुंग दाखवा, आपोआप सुधारेल’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी ही आकडेमोड जरूर पाहावी.

संगणकाच्या बाजूने पहिला मुद्दा म्हणूनच असा, की तो मुलाला एकट्याला गाठतो. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात १९९८ मध्ये एक अभ्यास आला. १५ ते १९ वर्षांच्या मुलांना लैंगिक वर्तन, अमली पदार्थ आणि हिंसा याविषयीचे तेच प्रश्न दोन प्रकारे विचारले गेले, काहींना कागदी प्रश्नावलीवर आणि काहींना हेडफोन लावून संगणकावर. संगणकावर उत्तरे देणाऱ्यांनी कितीतरी अधिक मोकळेपणाने कबुली दिली. हेही तसे नवे नव्हे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा संवाद साधणारा साधासा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलता बोलता ‘तुम्ही जरा बाहेर जाता का?’ अशी विनंती केल्याचे त्यांनीच नोंदवले आहे.

पण परिणामांचे काय? २०१२ च्या त्या निबंधात मुलांना कार्यक्रम आवडल्याचे दिसते. आवडणे आणि पुन्हा गुन्हा न करणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रौढांवरचे पुरावे थोडे अधिक ठोस आहेत. बाल्टिमोर आणि डॅलस येथे प्रोबेशनवरील व्यसनग्रस्तांसाठी ‘मॅपिट’ नावाचा इंटरनेटवरील कार्यक्रम तपासला गेला. २०१७ च्या अहवालानुसार, तो वापरणाऱ्यांपैकी अधिक जणांनी दोन महिन्यांच्या आत उपचार सुरू केले. प्रत्यक्ष व्यसनात मात्र फरक आढळला नाही. येल विद्यापीठातील कॅथलीन कॅरोल यांच्या २००८ च्या ७७ रुग्णांवरील चाचणीत, नेहमीच्या उपचारांना संगणकीय प्रशिक्षणाची जोड दिल्यावर लघवीच्या तपासणीत अमली पदार्थ कमी वेळा सापडले. येथे ‘जोड’ हा शब्द कळीचा आहे. माणूस काढून यंत्र बसवल्याचा हा निकाल नाही, आणि खर्चकपातीच्या उत्साहात नेमके हेच विसरले जाण्याचा धोका आहे. पाच टप्प्यांच्या सिद्धान्तावरही टीका झाली आहे. ब्रिटिश संशोधक रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ मध्ये तो मोडीतच काढावा असे लिहिले. टप्प्यांमधल्या रेषा मनमानी आहेत आणि माणसे अनेकदा अचानकही बदलतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. अमेरिकेत न्यायाधीशांच्या मदतीला ‘कंपास’सारखे प्रोग्रॅम आहेत. आरोपी पुन्हा गुन्हा करील का, याचा ते गुणांक काढतात आणि २०१६ पासून त्यांच्या निष्पक्षतेवर मोठा वाद झडला आहे. ते मोजणारे यंत्र, हे शिकवणारे. पण दोहोंमधली भिंत पातळ आहे. मुलाने हेडफोन लावून ‘गेल्या आठवड्यात दोनदा ओढला’ असे खरे सांगितले आणि तेच प्रोबेशन अधिकाऱ्याच्या पडद्यावर उमटले, तर अटीचा भंग म्हणून तो कोठडीत जाऊ शकतो. न सांगितले, तर कार्यक्रम चुकीच्या टप्प्याचा मजकूर दाखवत राहणार. ज्या मोकळेपणासाठी यंत्र आणले, तो मोकळेपणा गोपनीयतेच्या हमीवरच उभा असतो आणि ती हमी देणे न्यायालयाच्या यंत्रणेला जड जाते.

महाराष्ट्रातील वाचकांना पुण्यातील कल्याणीनगरचे प्रकरण आठवत असेल. मे २०२४ मध्ये भरधाव पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला आणि अल्पवयीन चालकाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. त्यावर संतापाची लाट उसळली. ती रास्तच होती. परंतु त्या गदारोळात, अल्पवयीन मुलाचे वर्तन प्रत्यक्षात कशाने बदलते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्यासाठी जागा आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाला बाल न्याय मंडळ तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तनाच्या परिवीक्षेवर सोडू शकते, समुपदेशन किंवा व्यसनमुक्तीचा आदेश देऊ शकते. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल याच कायद्यानुसार गोपनीय असतो. पण तो बाहेरच्यांसाठी. मुलाचे पुढे काय करायचे हे ठरवणारे मंडळ तो अहवाल वाचतेच, आणि उद्या संगणकासमोर दिलेली उत्तरे त्या अहवालात जाणार की नाहीत, हे असा कार्यक्रम येथे आणण्यापूर्वीच ठरवावे लागेल.