कस्टर्डच्या परीक्षेत नापास

आमची एक जुनी विद्यार्थिनी निकाहनंतर शौहरसोबत पॅरिसजवळच्या एका उपनगरात राहायला गेली. बी.एस्सी. झालेली, इथे मालाडला दोन वर्षं शिकवण्या घेतलेली, बोलायला तरबेज मुलगी. रमजानात एकदा तिचा व्हिडिओ कॉल आला. मालवणीतल्या आमच्या घरी इफ्तारची तयारी चालली होती आणि कॅरॅमल कस्टर्डचा डबा नुकताच कुकरमधून काढला होता. तिकडे भर दुपार होती. डबा बघून तिला रडू फुटलं. म्हणाली, "टीचर, हे सकाळी आठला जातात ते रात्रीच येतात. मला दुकानाची पाटी वाचता येत नाही. दिवसभर मी करते काय?"

आम्ही दोघंही शिक्षक, पण त्या वेळी "सब्र कर बेटा" यापलीकडे काही सुचलं नाही. फोन ठेवल्यावर हे उत्तर आमचं आम्हालाच अपुरं वाटलं. रात्री तरावीहनंतर विषय पुन्हा निघाला आणि आम्हाला ज्युलिया चाइल्ड आठवली.

ज्युलिया अमेरिकेची, जन्म १९१२ चा. उंची सहा फूट दोन इंच. नवरा पॉल तिच्याहून दहा वर्षांनी मोठा आणि उंचीने कमी. दुसऱ्या महायुद्धात दोघं अमेरिकी सरकारच्या नोकरीत होते आणि त्यांची ओळख झाली ती आपल्या शेजारीच, श्रीलंकेतल्या कँडीत. १९४६ मध्ये लग्न झालं. तोवर ज्युलियाला स्वयंपाक जवळजवळ येतच नव्हता. नोव्हेंबर १९४८ मध्ये पॉलची बदली पॅरिसला झाली. बोटीतून उतरून मोटारीने जाताना वाटेत रुआँ गावात दोघं जेवायला थांबले. तिथे लोण्यात परतलेला मासा तिने पहिल्यांदा खाल्ला आणि त्या जेवणाची आठवण ती आयुष्यभर सांगत राहिली.

पॉल तरुणपणी पॅरिसला राहिलेला, त्याला फ्रेंच उत्तम येई. ज्युलियाला येत नव्हती. नवरा ऑफिसात, मूलबाळ नाही, वय छत्तीस. आमच्या विद्यार्थिनीचीच गोष्ट म्हणा ना! ती भाषेच्या वर्गाला गेली, बाजारात भाजीवाल्यांशी मोडकंतोडकं बोलायला लागली आणि १९४९ मध्ये तिने 'कॉर्दों ब्ल्यू' या पाककला शाळेत नाव घातलं. गृहिणींचा वर्ग तिला फारच सोपा वाटला म्हणून ती धंदेवाईक आचाऱ्यांच्या वर्गात गेली. तिथे सोबतीला सैन्यातून सुटलेले अमेरिकी पुरुष होते.

आम्ही शिक्षक असल्यामुळे पुढचा भाग आम्हाला विशेष आवडतो. १९५१ मध्ये ती परीक्षेला बसली आणि नापास झाली. तिने अवघड पदार्थांची तयारी केली होती, विचारले शाळेच्या पुस्तिकेतले साधे पदार्थ. त्यातला एक होता क्रेम राँव्हर्से ओ कारामेल, म्हणजे रमजानात आपल्या घराघरांत होतं ते कॅरॅमल कस्टर्ड! ती चिडली, पुस्तिका पाठ केली, पुन्हा बसली आणि पास झाली.

पुढे दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर तिने अमेरिकी गृहिणींसाठी पुस्तक लिहायला घेतलं. मधे पॉलच्या बदल्या चालूच: मार्सेय, जर्मनी, वॉशिंग्टन, ओस्लो. दर वेळी भांडी बांधायची, नव्या ओट्यावर मांडायची. १९५५ मध्ये पॉलला अचानक वॉशिंग्टनला बोलावून त्याच्या निष्ठेची चौकशी झाली. तो निर्दोष ठरला, पण असे दिवस घराला किती जड जातात ते ज्याचं त्याला ठाऊक. पुस्तकही एका प्रकाशकाने परत केलं. शेवटी १९६१ मध्ये ते सातशेहून अधिक पानांचं निघालं आणि १९६३ पासून ज्युलिया अमेरिकी दूरदर्शनवर स्वयंपाक शिकवू लागली.

घरातल्या पुरुषांनी इथे पान उलटू नये. या सगळ्यात पॉल कुठे होता? पुस्तकातल्या चित्रांसाठी तो तिच्या खांद्यामागे उभा राहून तिच्या हातांचे फोटो काढत होता. प्रात्यक्षिकांनंतर भांडी धूत होता. तिच्या उंचीला बेतून त्याने ओटा उंच करून घेतला आणि कोणतं पातेलं कुठे टांगायचं त्याच्या आकृत्या भिंतीवर आखल्या. ते स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अमेरिकेत घरच्या भट्टीत फ्रेंच पाव जमेना, तेव्हा दोघांनी मिळून २८४ पौंड मैदा संपवला. आपल्याकडे दोन किलो रवा बिघडला तरी आठवडाभर ऐकावं लागतं.

आता आपल्या कामाचं. फ्रेंच स्वयंपाकात वाइन फार, डुकराची चरबीही बरीच. वाइन उकळली की दारू उडून जाते असं सांगणारे भेटतात, पण ती पूर्ण उडत नाही. त्यामुळे ते पदार्थ आपल्यासाठी नाहीत, त्यात वाटाघाट नको. पण बाकीचं केवढं उरतं! त्यांचं कांद्याचं सूप घ्या. कांदा पातळ चिरून लोण्यात मंद आचेवर तासभर तांबूस करायचा, मग हलाल गोश्तची यखनी घालायची, वर भाजलेला पाव आणि चीज. बिर्याणीसाठी बिरिस्ता तळणाऱ्या हाताला हे काय शिकवायचं? फ्रान्समधल्या मुसलमानांनी स्वतःची भरही घातली आहे. उत्तर आफ्रिकेतून आलेलं कुसकुस तिथल्या लोकांच्या फार आवडीचं झालं आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या मुस्लिम सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेली पॅरिसची मोठी मशीद १९२६ मध्ये उघडली. तिथल्या चहाघरात पुदिन्याचा चहा मिळतो.

हे सगळं आम्ही विद्यार्थिनीला लांबलचक व्हॉइस मेसेजमधून सांगितलं. उत्तर नुसतं "जी टीचर" असं आलं. आम्हाला वाटलं, पोरगी कंटाळली.

बकरी ईदला तिचा कॉल आला. भाषेच्या वर्गाला ती जाऊ लागली होती. शेजारच्या बाकावरच्या अल्जीरियन खालांनी हलाल खाटीक दाखवला होता आणि डब्यावरचं जिलेटिन कसलं आहे ते वाचायला शिकवलं होतं. मागे जावईबापू कांदा चिरताना दिसले, डोळे लाल. तक्रार एकच होती: कस्टर्डचा साखरेचा पाक दर वेळी कडू होतो. आम्ही म्हटलं, मधासारखा रंग आला की लगेच गॅसवरून काढ, गरम भांड्यात तो पुढेही काळवंडत जातो. तिने मान डोलावली आणि तो रंग वर्गात शिकलेल्या फ्रेंच शब्दात म्हणून दाखवला. आम्हाला अर्थ विचारावा लागला.