आरोग्य विद्यापीठातील स्त्री-नेतृत्व : कल्याणपासून नाशिकपर्यंत

भिवंडी आणि कल्याण ही दोन गावे एकमेकांना इतकी लगतची आहेत की, यंत्रमागावर काम करण्यासाठी परप्रांतातून येणारा कामगार कल्याणच्या रेल्वे स्थानकावर उतरतो आणि तेथूनच भिवंडीत दाखल होतो. याच कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना नावाची मुलगी पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून जगाला परिचित झाली. दरवर्षी ८ मार्च रोजी महिला दिनाच्या निमित्ताने आपल्या व्यवसायातील भगिनींचा गौरव करण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. ती स्वागतार्हच आहे. परंतु पुष्पगुच्छ आणि श्रीफळ देऊन झाल्यानंतर एक प्रश्न शिल्लक राहतो, तो असा की, वैद्यकाच्या क्षेत्रात स्त्रीच्या हाती खरे अधिकार आले तेव्हा तिने त्यांचे काय केले आणि त्यामुळे रुग्णाला काय मिळाले? प्रस्तुत लेखात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

रिकामे राहिलेले पद

आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा होता. आधुनिक वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी सातासमुद्रापलीकडे गेलेल्या या तरुणीने आपल्या प्रबंधासाठी आयुर्वेदीय परंपरेचा आधार घ्यावा, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष अभिमानाची वाटेल. कोल्हापूर संस्थानने त्यांची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-कक्षाच्या प्रमुखपदी नियुक्ती केली. एका स्त्री-वैद्याला रुग्णालयातील विभागाचे स्वतंत्र अधिकार देणारी ही नियुक्ती त्या काळाच्या मानाने असामान्य होती. दुर्दैवाने आनंदीबाई क्षयाने ग्रस्त होऊनच मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरचे ते पद त्यांना भूषविता आले नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी, राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी कोल्हापुरात स्त्री-रुग्णांच्या सेवेचे हे कार्य पुढे नेले. आनंदीबाईंच्या निधनाने जागा रिकामी राहिली, परंतु ती जागा असावी ही कल्पना मात्र टिकून राहिली. नेतृत्वाचा विचार करताना हा भेद महत्त्वाचा आहे. व्यक्ती येते आणि जाते. एकदा पद निर्माण झाले आणि त्याला अधिकार जोडले गेले की, पुढच्या पिढीला त्यावर हक्क सांगता येतो.

अधिकारपदावरील पूर्वसूरी

या पहिल्या पिढीतील दुसरे ठळक नाव डॉ. रखमाबाई यांचे. बालपणी झालेला विवाह आपणांस बंधनकारक नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी न्यायालयात दिलेला लढा सर्वश्रुत आहे. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते व मुंबईच्या बाजारातील औषधी द्रव्यांची सूची त्यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली होती. द्रव्यगुणाच्या अभ्यासकांनी हे नाव लक्षात ठेवावे असे आहे. रखमाबाईंनी लंडन येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयाची धुरा सांभाळली. पुढे राजकोटच्या रुग्णालयातही त्यांनी प्रमुख म्हणून काम केले. रुग्णालयात बाळंत होण्यास स्त्रिया धजावत नसत, तेव्हा त्यांनी एका गाभण शेळीला रुग्णालयात आणून तिची सुखरूप सुटका केली व लोकांच्या मनातील भीती घालविली, अशी आठवण सांगितली जाते. प्रमुखपदावर बसलेल्या व्यक्तीने रुग्णाला दोष न देता त्याच्या भीतीचे कारण शोधले, हे या आठवणीचे मर्म आहे.

मुंबईच्या कामा रुग्णालयाचे प्रमुखपद १९२८ ते १९४७ या काळात डॉ. जेरुशा झिराड यांनी सांभाळले. बेने इस्रायल समाजातील या विदुषीचे शालेय शिक्षण पुण्यात झाले होते. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. एकोणीस वर्षे एका मोठ्या रुग्णालयाचा कारभार पाहणे म्हणजे केवळ शस्त्रक्रिया करणे नव्हे. परिचारिकांचे शिक्षण, औषधांची खरेदी, खाटांची वाटणी, कनिष्ठ डॉक्टरांची घडण ही सारी कामे त्यात येतात. वैद्यकातील स्त्रीचे कर्तृत्व सांगताना आपण तिच्या हातगुणाची स्तुती करतो आणि तिच्या प्रशासनकौशल्याचा उल्लेख मात्र बहुधा विसरतो.

नाशिकच्या विद्यापीठात

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १० जून १९९८ रोजी नाशिक येथे झाली. तोवर राज्यातील आयुर्वेद महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर अशा निरनिराळ्या विद्यापीठांशी संलग्न होती. परीक्षांची वेळापत्रके वेगळी, मूल्यमापनाच्या रीती वेगळ्या. नव्या विद्यापीठाने आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार अशा सर्व शाखांना एका छत्राखाली आणले. आज भिवंडी-ठाणे परिसरात दवाखाना थाटणाऱ्या तरुण वैद्यांच्या पदवीपत्रावर याच विद्यापीठाची मुद्रा असते.

या विद्यापीठाच्या पहिल्या दशकातच कुलगुरुपदाची सूत्रे डॉ. मृदुला फडके यांच्याकडे आली. पुढे २०२१ मध्ये लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डॉ. माधुरी कानिटकर यांनी हे पद स्वीकारले. कानिटकर यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात झाले. मुलांच्या मूत्रपिंडविकारांत त्यांनी विशेष प्रावीण्य मिळविले. ज्या महाविद्यालयात त्या शिकल्या, त्याच महाविद्यालयाच्या त्या अधिष्ठाता झाल्या. २०२० मध्ये त्यांना लेफ्टनंट जनरल हा हुद्दा मिळाला. भारतीय सशस्त्र दलांत या श्रेणीपर्यंत पोहोचलेल्या त्या तिसऱ्या महिला होत. त्यांच्या आधी सर्जन व्हाइस ॲडमिरल पुनिता अरोरा आणि एअर मार्शल पद्मा बंदोपाध्याय यांनी ही उंची गाठली होती. या तिघीही वैद्यकीय सेवेतीलच होत्या, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

फडके आणि कानिटकर या दोघीही बालरोगतज्ज्ञ आहेत. हा योगायोग असेल, परंतु आयुर्वेदाच्या अभ्यासकाला त्यात काही अर्थ दिसल्यावाचून राहत नाही. कौमारभृत्य हे अष्टांगांपैकी एक अंग. बालकाला आपली वेदना शब्दांत सांगता येत नाही. म्हणून काश्यपसंहितेत वेदनाध्याय नावाचा स्वतंत्र अध्याय येतो आणि बालकाच्या चेष्टांवरून, रडण्यावरून, निद्रेवरून व्याधी कसा ओळखावा हे तेथे सांगितले जाते. जो बोलू शकत नाही त्याचे दुःख जाणणे, ही या शाखेची पहिली अट आहे. मोठ्या संस्थेच्या प्रमुखाकडेही हाच गुण असावा लागतो. विद्यापीठातील सर्वांत मुकी माणसे कोण? दूरच्या तालुक्यातील महाविद्यालयात शिकणारी विद्यार्थिनी, रात्रपाळी करणारी आंतरवासिता, गर्भारपणात पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करू पाहणारी वैद्या. त्यांची तक्रार अर्जाच्या रूपाने कुलगुरूंच्या मेजापर्यंत क्वचितच पोहोचते.

आयुर्वेदाच्या क्षेत्रातही

आपल्या शास्त्रातही ही परंपरा आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन करताना प्रसूतीचा अनुभव असलेल्या, स्नेहशील, दक्ष अशा स्त्रिया प्रसववेदना सुरू झालेल्या स्त्रीभोवती असाव्यात असे सांगितले आहे. दहाव्या शतकातील अरबी विद्वान इब्न अल-नदीम याच्या ग्रंथसूचीत स्त्रीरोगचिकित्सेवरील एका भारतीय स्त्रीच्या ग्रंथाचा निर्देश आढळतो. तिचे नाव रूसा असे दिले जाते. मूळ ग्रंथ आज आपल्या हाती नाही. ज्ञान निर्माण करणाऱ्या स्त्रिया होत्या, परंतु त्यांचे ग्रंथ जपणारी संस्था मात्र नव्हती, असेच यावरून म्हणावे लागते.

आता अशा संस्था आहेत आणि त्यांच्या प्रमुखपदी आपल्या भगिनी दिसू लागल्या आहेत. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान १७ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्यानंतर अनेक वर्षे त्याचे संचालकपद द्रव्यगुणाच्या अध्यापिका वैद्य तनुजा नेसरी यांनी सांभाळले. पुढे जामनगरच्या आयुर्वेद अध्यापन व संशोधन संस्थेची धुराही त्यांच्याकडे आली. २०२५ मध्ये भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या अध्यक्षपदी नागपूरच्या वैद्य मनीषा कोठेकर यांची नियुक्ती झाली. अभ्यासक्रम आणि महाविद्यालयांची मानके ठरविणारी ही देशातील सर्वोच्च संस्था आहे, हे लक्षात घेता या नियुक्तीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

भिवंडीच्या दवाखान्यातून

नाशिक आणि दिल्लीतील या घडामोडींशी भिवंडीतील सामान्य वैद्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. आपले गाव यंत्रमागाचे. अहोरात्र मागांचा खडखडाट आणि हवेत कापसाचे सूक्ष्म तंतू. पुरुष माग चालवितो, तर अनेक घरांतून आणि कारखान्यांतून स्त्रिया कांड्या भरतात. तासन्‌तास एकाच आसनात बसल्याने कटिशूल, अपुऱ्या आहाराने पांडू, धुळीने कास आणि श्वास, शिवाय वर्षानुवर्षे अंगावर काढलेला श्वेतप्रदर, असे व्याधींचे मिश्रण या भगिनींत आढळते. कोणी मराठी बोलते, कोणी उर्दू, कोणी भोजपुरी, कोणी तेलुगू. भाषा भिन्न असली तरी एक अडचण समान आहे. पुरुष वैद्यासमोर बसल्यावर त्या खोकल्याबद्दल बोलतात आणि प्रदराबद्दल मौन पाळतात. समोर स्त्री-वैद्या असेल तर तीच रुग्णा दोन वाक्यांत सारे सांगून मोकळी होते. त्रिविध परीक्षेतील ‘प्रश्न’ हा भाग अपुरा राहिला, तर नाडी आणि जिव्हा पाहून केलेले निदानही अपुरेच राहते.

आनंदीबाईंनी परदेशी जाण्यापूर्वी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील भाषणात नेमके हेच कारण सांगितले होते. या देशातील स्त्रिया संकोचामुळे पुरुष वैद्याकडे जात नाहीत, म्हणून स्त्री-वैद्य हवेत. इतक्या दीर्घ काळानंतरही कल्याणच्या शेजारच्या गावात ते कारण जुने झालेले नाही. कांडी भरणाऱ्या स्त्रीचा पांडू हा संशोधनाचा विषय व्हावा, तिच्या वस्तीत आंतरवासितांचे शिबिर नियमित भरावे, हे ठरविण्याचे अधिकार विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयाच्या प्रमुखांकडे असतात. ते अधिकार ज्यांच्या हाती आहेत त्यांनी असे मौन कधी तरी जवळून ऐकलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे. स्त्री असली म्हणजे ते ऐकू येईलच असे नाही आणि पुरुषाला ते ऐकू येणारच नाही असेही नाही. तथापि निर्णय घेणाऱ्या मेजाभोवती एकही स्त्री नसेल, तर ते ऐकू न येण्याची शक्यता अधिक, हे अनुभवाने सांगता येते.

गौरवानंतरचे कर्तव्य

आज आयुर्वेद महाविद्यालयांच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने दिसतात. गुणवत्ता यादीतही त्या मागे नाहीत. परंतु पदवीनंतर पाच-सात वर्षांनी यांपैकी किती जणींचा स्वतंत्र दवाखाना उभा राहतो, असा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या वर्गमैत्रिणी आठवून स्वतःला विचारावा. विवाह, स्थलांतर, अपत्यसंगोपन यांत व्यवसाय सुटतो आणि पुन्हा धरण्याची वाट कोणी दाखवीत नाही. नेतृत्वाची गळती ही येथूनच सुरू होते. कुलगुरुपदापर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रिया विरळा का, याचे उत्तर नाशिकपेक्षा आपल्या घरात आणि गावात अधिक सापडेल.

व्यवसायसंघटनांनाही यातून स्वतःला वगळता येणार नाही. कार्यकारिणीत एक ‘महिला प्रतिनिधी’ नेमायची आणि तिच्याकडे स्वागत, रांगोळी व सूत्रसंचालन सोपवायचे, ही रीत अनेक ठिकाणी दिसते. कोषाध्यक्षपद, शास्त्रीय समिती, शासनाशी होणारा पत्रव्यवहार या कामांत भगिनींना किती वाव मिळतो? पुढील तीन गोष्टी कोणत्याही शाखेला विशेष खर्चाविना करता येतील. पहिली, महत्त्वाच्या सभा रात्री उशिरा न ठेवता दुपारी ठेवाव्यात. दुसरी, व्यवसायात खंड पडलेल्या वैद्यांना एखाद्या ज्येष्ठ वैद्याच्या दवाखान्यात काही महिने पुनराभ्यासाची संधी द्यावी. तिसरी, दर दोन निवडणुकांतून किमान एकदा अध्यक्ष, सचिव किंवा कोषाध्यक्ष यांपैकी एक पद भगिनीकडे जाईल, असा संकेत पाळावा.

चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रुग्ण यांपैकी एकही पाद दुर्बल असेल तर यश मिळत नाही, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. संस्थांनाही हाच न्याय लागू आहे. कोल्हापुरात १८८७ साली जे पद मृत्यूमुळे रिकामे राहिले त्याला इलाज नव्हता. आज एखाद्या गावातील स्त्री-वैद्येची खुर्ची केवळ आपल्या उदासीनतेमुळे रिकामी राहत असेल, तर तो दोष साध्य आहे आणि त्याची चिकित्सा आपल्या हाती आहे. पुढील महिला दिनी सत्कार अवश्य व्हावा, मात्र त्यासोबत आपल्या शाखेने वर्षभरात कोणते काम आणि कोणते अधिकार भगिनींकडे सोपविले, याचा वृत्तांतही सभेपुढे वाचला जावा, अशी अपेक्षा आहे.