संगणक घरात नाही? कोडिंगची सुरुवात पावलांनी करा

मुलांना कोडिंग आले नाही तर ती मागे पडतील, ही धास्ती आज अनेक घरांत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मधल्या इयत्तांपासून कोडिंगची ओळख करून द्यायला सांगितले, तेव्हापासून ती वाढलीच. पण घरात मुले तीन आणि मोबाइल एक, तोही अब्बूंच्या खिशात. क्लासची फी भरायची वेळ आली की काही घरांत मुलाचा नंबर आधी लागतो आणि मुलगी राहून जाते.

अशा पालकांसाठी एक दिलासा आहे. मोठे काम लहान पायऱ्यांत तोडणे, त्यांचा क्रम लावणे, पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट ओळखणे आणि चूक कोणत्या पायरीवर झाली ते शोधणे, हा कोडिंगचा पाया आहे. याला संगणकीय विचार म्हणतात. तो शिकायला सुरुवातीला हात, पाय आणि थोडी मोकळी जागा पुरते.

रोमानियातील तर्गु मुरेश या शहरात सापिएन्तिया विद्यापीठाच्या शिक्षकांनी हे लोकनृत्यातून करून दाखवले. २०११ मध्ये त्यांच्या ‘अल्गोरिदमिक्स’ उपक्रमाच्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. त्यात नर्तकांच्या अंगावर आकडे आहेत. शेजारचे दोघे पुढे येतात, नाचत आकडे ताडून पाहतात. क्रम चुकला असेल तर जागा बदलतात, नसेल तर तसेच परत जातात. शेवटी सगळी रांग क्रमाने लागते. संगणक यादी क्रमाने लावतो, त्यातली ही एक पद्धत आहे. तिला ‘बबल सॉर्ट’ म्हणतात.

हा खेळ घरी करून पाहा. नाच नको वाटत असेल तर नुसते चालले तरी चालते. चार मुलांच्या हातात ३, १, ४, २ अशा चिठ्ठ्या द्या आणि रांगेत उभे करा. नियम एकच: डावीकडून सुरुवात करून शेजारच्या दोघांनीच आकडे पाहायचे. डावीकडचा मोठा असेल तर जागा बदलायची. ३ आणि १ जागा बदलतील. ३ आणि ४ तसेच राहतील. ४ आणि २ बदलतील. पहिल्या फेरीनंतर रांग १, ३, २, ४ अशी होईल. सगळ्यांत मोठा आकडा शेवटी पोहोचला! दुसऱ्या फेरीत १, २, ३, ४.

आता मुलांना विचारा, “काम संपले का?” ती लगेच हो म्हणतील. माणसाला एका नजरेत सगळी रांग दिसते. या पद्धतीने चालणारा संगणक मात्र एका वेळी दोनच आकडे पाहतो. एका संपूर्ण फेरीत कोणीच जागा बदलली नाही, तेव्हाच त्याला काम संपल्याचे कळते. म्हणून तिसरी फेरीही घ्यावी लागते. हे पुस्तकात वाचून पटायला वेळ लागतो. रांगेत उभे राहिलेल्या मुलाला पटकन कळते.

दुसरा खेळ याहून सोपा. अम्मीने यंत्रमानव व्हायचे आणि मुलांनी हुकूम द्यायचे. “पुढे जा” म्हटले तर अम्मीने थांबायचेच नाही. मग मुले आपोआप “तीन पावले पुढे” म्हणू लागतात. चौकोन काढायचा असेल तर “तीन पावले पुढे, उजवीकडे काटकोनात वळा” हा हुकूम चार वेळा द्यावा लागतो. “हेच चार वेळा करा” असे एखाद्या मुलीला सुचले, तर कोडिंगमधला ‘लूप’ तिला सापडला. १९६७ मध्ये लहान मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार झाली. ती घडवणाऱ्यांपैकी सिमूर पॅपर्ट यांचा यावरच भर होता: पडद्यावरच्या कासवाला कसे वळवायचे ते कळत नसेल, तर स्वतः कासव होऊन चालून पाहा.

अशा पायऱ्यापायऱ्यांच्या कृतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारे गणिती अल-ख्वारिज्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला. भारतीय अंकांनी हिशेब कसे करावेत, हे त्यांनी लिहून ठेवले. तेव्हा यंत्र नव्हते, तरी पद्धत होती.

अर्थात, नुसत्या उड्या मारून कोडिंग येत नाही. खेळ झाल्यावर मुलांना पायऱ्या वहीत लिहायला लावा. मग ती वही दुसऱ्या मुलाला देऊन तंतोतंत तसेच करायला सांगा. जिथे तो अडेल तिथे पायरी दुरुस्त करा. पुढे कधीतरी खरा संगणक लागेलच. पण तो हाती येईल त्या दिवशी मुलगा असो वा मुलगी, दोघेही विचार करण्याची सवय घेऊनच त्याच्यासमोर बसतील.